जाहिरात आणि इश्तिहार : वाशिम जिल्ह्यातील सार्वजनिक फलकांच्या भाषेचा विचार

१

'जाहिरात' हा शब्द मराठीने अरबी-फारसी परंपरेतून घेतला आहे. 'जाहीर' म्हणजे उघड, प्रकट. जाहीरनामा, जाहीर सभा, जाहीर लिलाव हे त्याच कुळातील शब्द होत. आणि जे थोड्यांना ठाऊक आहे ते सर्वांना ठाऊक करणे, हा अर्थ त्या सर्वांत समान आहे. हिंदीने ह्याच वस्तूसाठी 'विज्ञापन' हा संस्कृत शब्द पत्करला. त्यात कळविण्याच्या क्रियेवर भर आहे. उर्दूने 'इश्तिहार' हा शब्द ठेवला. तो 'शोहरत' आणि 'मशहूर' ह्या शब्दांच्याच धातूपासून झालेला असून त्यात कीर्तीची छटा आहे. उघड करणे, कळविणे आणि कीर्तीस आणणे अशी तीन कार्ये ह्या तीन शब्दांनी आपापल्यापरी सूचित केली आहेत. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषेच्या अभ्यासकाला सांगावयास नको. तथापि ह्या तिन्ही कार्यांतील भेद ध्यानी ठेवला तर रस्त्यावरील फलकांच्या भाषेत गेल्या काही दशकांत जो पालट झाला आहे, तो नेमका कोठे झाला हे दाखविणे सोपे जाते.

वर्तमानपत्रातील जाहिरात आणि चौकातील जाहिरात ह्यांत एक मूलभूत अंतर आहे. वर्तमानपत्राचा वाचक पैसे देऊन पान विकत घेतो आणि नको असलेले पान उलटूही शकतो. चौकातील फलकाला पान नसते. बसस्थानकावर उभा असलेला प्रवासी, बाजारसमितीच्या दारात गाडी घेऊन थांबलेला शेतकरी, शाळेत जाणारी मुलगी ह्यांनी तो फलक मागितलेला नसतो, आणि त्याच्याकडे न पाहण्याची सोयही त्यांना नसते. सार्वजनिक जागा सर्वांच्या मालकीची आहे असे आपण म्हणतो. त्या जागेत कोणी कोणाशी कोणत्या नात्याने बोलावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ सौंदर्याचा किंवा रहदारीचा नाही. तो भाषेचा आणि नागरिकत्वाचा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचा विचार बहुधा मुंबई-पुण्यासारख्या महानगरांच्या संदर्भात केला जातो. परंतु तो वाशिमसारख्या जिल्ह्यात करणे अधिक उद्बोधक ठरावे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ११,९७,१६० भरली, आणि तीतील पाचांपैकी चारांहून अधिक माणसे खेड्यांत राहणारी होती. २०१८ मध्ये केंद्र शासनाने देशातील जे जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले त्यांत महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली आणि तत्कालीन उस्मानाबाद ह्यांच्याबरोबर वाशिमचाही समावेश होता. महानगरात हजार फलकांच्या गर्दीत एक फलक बुडून जातो. ज्या गावाला एकच चौक आहे तेथे चार फलक लागले की तो चौक त्यांचाच होतो.

२

सार्वजनिक जागेतील जाहिरातीचा पूर्वज म्हणजे दवंडी. कोतवाल वाद्य वाजवीत गावातून फिरे आणि वेशीपासून शेवटच्या आळीपर्यंत एकच मजकूर ऐकवी. ग्रामसभेची सूचना, पटकी-देवीच्या साथीतील खबरदारी, सरकारसाऱ्याची मुदत असे तिचे विषय. दवंडीचे दोन विशेष महत्त्वाचे आहेत. एक, ती निरक्षरालाही कळत असे. दुसरे, मजकूर संपला की दवंडी संपे. ती गावाचा अवकाश व्यापून राहत नसे. दवंडी देणाऱ्याचे स्वतःचे नाव तिच्यात कधी येत नसे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. अर्थात दवंडी निर्दोष नव्हती. ती सत्तेचा आवाज होती, आणि तिला उलट प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. दवंडी पिटण्याचे काम बहुतेक गावांत कोणत्या जातींकडे लावलेले होते, हेही विसरता येत नाही.

दवंडीनंतर आली रंगविलेली भिंत. तिचा उपयोग व्यापाराइतकाच शासनानेही केला. कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण १९६० नंतरच्या दशकांत खेडोपाडी पोहोचला तो भिंतींवरूनच. २०००-०१ पासून सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावोगावच्या भिंतींवर घोषवाक्ये लिहिली गेली. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानाने तीच वाट पुढे चालविली. ह्याच भिंतींवर सिमेंट, बियाणे, खते, कपडे धुण्याची पावडर, पुढे मोबाइल कंपन्या आल्या. अक्षरे रंगविणारा पेंटर स्थानिक असे. त्याच्या कुंचल्याला वेळ लागे, रंगाला पैसा पडे. म्हणून मजकूर थोडका असे आणि तो टिकावा अशा बेताने लिहिला जाई.

तिसरी अवस्था फ्लेक्सची. संगणकावर मजकूर जुळवून प्लॅस्टिकच्या कापडावर छापण्याची ही पद्धत एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत पसरली. तिने तीन गोष्टी बदलल्या. छायाचित्र अक्षराइतकेच स्वस्त झाले. फलक एका दिवसात तयार होऊ लागला. आणि तो एका दिवसात निरुपयोगी झाला तरी कोणाला हळहळ वाटेनाशी झाली. विकावयाची वस्तू नसली तरीही जाहिरात करता येते, हा शोध ह्या तिसऱ्या अवस्थेतला आहे. वस्तूऐवजी व्यक्ती आली. आणि ती विक्रीस नसून दर्शनास होती.

३

हा पालट तंत्राचा म्हणून सर्वांना दिसतो. त्याच्या पोटी व्याकरणाचा जो पालट झाला तो सहजासहजी दिसत नाही.

कार्ल ब्यूलरने १९३४ मध्ये भाषिक चिन्हाची तीन कार्ये सांगितली : वस्तूचे निवेदन, वक्त्याची अभिव्यक्ती आणि श्रोत्याला आवाहन. जेफ्री लीच ह्याने १९६६ मध्ये इंग्रजी जाहिरातींच्या भाषेचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्याला आज्ञार्थी क्रियापदांची रेलचेल आढळली. मराठीतील रंगविलेल्या भिंतींनाही हे लागू पडते. पेरा, वापरा, घ्या, भेट द्या ही त्या भिंतींची क्रियापदे. मराठीत ह्या रूपाची एक खुबी आहे. 'वापरा' हे रूप अनेकांना उद्देशूनही चालते आणि एकाला आदरार्थीही चालते. त्यामुळे भिंत एकाच वेळी साऱ्या गावाशीही बोलते आणि समोरून जाणाऱ्या एकट्या मनुष्याशीही बोलते. आणि दोन्ही वेळा अदबीने बोलते. भिंतीचा हेतू विक्रीचा असेल, तिचे म्हणणे अतिशयोक्त असेल. परंतु वाचणारा हा तिच्या व्याकरणात द्वितीय पुरुष आहे. त्याला नाही म्हणण्याचा अधिकार त्या रचनेतच गृहीत धरलेला आहे, कारण ज्याला विनंती करावयाची तो नकार देऊ शकतो.

दुकानाची पाटीही वाचकाला ओळखते. 'आमची कोठेही शाखा नाही' हे मराठी बाजारपेठेतील सुपरिचित वाक्य पाहावे. वरवर ते नकारार्थी निवेदन आहे; प्रत्यक्षात ते ग्राहकाला दिलेले आश्वासन आहे. ते वाक्य ज्याला उद्देशून आहे तो वाट चुकून दुसऱ्या दुकानात जाऊ शकणारा मनुष्य आहे, आणि पाटी त्याची काळजी वाहते. 'उधार बंद आहे' ही पाटीसुद्धा, रुक्ष असली तरी, वाचकाशी असलेल्या व्यवहाराविषयीच बोलते.

आता वाढदिवसाचा किंवा निवडीच्या अभिनंदनाचा फलक घ्यावा. त्यात बहुधा क्रियापद नसते. 'हार्दिक शुभेच्छा', 'हार्दिक अभिनंदन' ही नामे. 'कार्यसम्राट', 'युवकांचे आशास्थान', 'भावी नगरसेवक' ही विशेषणे व उपाध्या. आणि तळाशी 'शुभेच्छुक' म्हणून नावांची व छायाचित्रांची ओळ. ह्या वाक्याचा वक्ता कोण? तळाची मंडळी. श्रोता कोण? व्याकरणाच्या दृष्टीने वाढदिवस असलेली व्यक्ती. मग चौकातून जाणारा मनुष्य कोण? तो ना वक्ता आहे, ना श्रोता. दोघांच्या संभाषणाच्या वेळी केवळ हजर असलेला तो तिऱ्हाईत आहे. ज्या चौकात तो रोज उभा राहतो, त्या चौकातील सर्वांत मोठ्या अक्षरांच्या वाक्यात त्याचे स्थान तृतीय पुरुषाचेही नाही. तृतीय पुरुषाविषयी निदान काही बोलले तरी जाते.

मराठीने ह्या वस्तुस्थितीचा आणखी एक पुरावा जपून ठेवला आहे. प्रथमपुरुषी अनेकवचनात मराठी दोन रूपे वापरते : ऐकणाऱ्याला बरोबर घेणारे 'आपण' आणि त्याला वगळणारे 'आम्ही'. इंग्रजीला हा भेद रूपाने दाखविता येत नाही. मराठीला तो टाळता येत नाही. 'आपली शाळा', 'आपला दवाखाना' असे म्हटले की वाचणारा त्या शाळेचा व दवाखान्याचा भागीदार होतो. अभिनंदनाच्या फलकावर मात्र 'आमचे नेते', 'आमचे मार्गदर्शक', 'आमचे मित्र' अशी भाषा असते. 'आमचे' म्हणजे तुमचे नव्हे, हा अर्थ लिहिणाऱ्याच्या मनात नसेलही; भाषेच्या रचनेत तो आहे. उलट मते मागण्याची वेळ आली की त्याच व्यक्तीच्या फलकावर 'आपला माणूस' अवतरतो. 'आमचे' आणि 'आपला' ह्यांतील हे येणेजाणे निवडणुकीच्या वेळापत्रकाप्रमाणे चालते. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या गावातील फलकांवरून वर्षभर त्याची नोंद ठेवली, तर तिच्यातून एक लहानसा पण खरा प्रबंध तयार होईल.

रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन ह्यांनी १९६० मध्ये सर्वनामांच्या निवडीत सत्ता आणि सलगी ह्या दोन प्रेरणा काम करतात असे दाखविले. फलकाच्या बाबतीत ह्या विवेचनाला एक पुरवणी जोडावी लागेल : सत्तेचे सर्वांत निर्विवाद रूप श्रोत्याला 'तू' म्हणण्यात नसून त्याला संबोधनच न करण्यात आहे.

४

ह्याचा व्यक्तीवर काय परिणाम होतो? फलकाच्या तळाशी असलेल्या छायाचित्रांच्या ओळीकडे पाहिले असता त्याचे उत्तर मिळते. मध्यभागी मोठे छायाचित्र, वर त्याहून मोठ्या पुढाऱ्यांची गोल चित्रे, आणि खाली लहान लहान चौकटींत तरुणांचे चेहरे. समाजातील उतरंड येथे इंचांनी मोजून दाखविलेली असते. खालच्या चौकटीतील तरुणाला मधल्या जागेवर यावयाचे असते, आणि तेथवर जाण्याचा मार्ग एखादे काम नसून पुढचा फलक असतो. ज्या जिल्ह्यात शेतीबाहेरचा रोजगार थोडा, तेथे चौकातील चौकट ही एका परीने नियुक्तीच असते. पगार नाही, काम नाही, पण नाव आणि चेहरा लागला आहे. ह्या तरुणाला हसणे सोपे आहे. समीक्षकाने ते टाळावे. आपण कोणीतरी आहोत हे गावाला कळावे, ही इच्छा मनुष्यमात्राची आहे. प्रश्न असा की ती इच्छा पुरी करण्याचे इतर मार्ग अरुंद होत असता हाच एक मार्ग रुंद का झाला?

ह्या बाबतीत प्रतिपक्षाचे म्हणणेही पूर्ण जोर देऊन मांडले पाहिजे. भिंत रंगविणे जेव्हा खर्चाचे होते तेव्हा ती कंपनीला, शासनाला किंवा गावातील धनवंताला परवडत असे. फ्लेक्स स्वस्त झाला आणि ज्यांचा चेहरा गावाच्या मध्यभागी कधीच दिसला नव्हता अशा वस्त्यांतील माणसे चौकात दिसू लागली. १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीचे, १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठ्यांच्या जयंतीचे, फेब्रुवारीत संत सेवालाल महाराजांच्या जयंतीचे जे फलक लागतात, त्यांचा अर्थ केवळ शोभेचा नाही. चौक आमचाही आहे, असे त्यांचे म्हणणे असते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तेथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. ज्या समाजाला वसाहतकालीन कायद्याने संशयिताच्या रांगेत बसविले होते, त्याने सार्वजनिक जागेत आपले नाव मोठ्या अक्षरांत लिहावे ह्यात इतिहासाची भरपाई आहे. येथे 'आमचे' हे सर्वनाम वगळण्याचे नसून, वगळल्या गेलेल्यांनी स्वतःची मोजदाद करून घेण्याचे आहे.

हे म्हणणे मान्य केले पाहिजे, आणि मान्य करूनच पुढे जाता येते. कारण त्याने दोन प्रकारच्या फलकांतील भेद अधिक स्पष्ट होतो. जयंतीचा फलक एका समूहाच्या स्मृतीविषयी काही सांगतो. तो वाचणाऱ्या परक्यालाही त्यातून काही कळते. वाढदिवसाचा फलक मात्र वाचणाऱ्याला काहीच देत नाही. पहिल्यात उघड करण्याचे कार्य शिल्लक आहे. दुसऱ्यात केवळ कीर्तीचे. पहिली जाहिरात होय, दुसरा नुसता इश्तिहार. आणि जयंतीच्या फलकावरही महापुरुषाचे चित्र लहान व शुभेच्छुकांची चित्रे मोठी होऊ लागतात, तेव्हा पहिला प्रकार दुसऱ्यात केव्हा मिसळला हे इंचपट्टीने मोजता येते.

५

समाजावरील परिणाम ह्याहून गंभीर आहे, आणि तो शेतीच्या संदर्भात सर्वांत स्पष्ट दिसतो. वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा. तूर, हरभरा, काही भागांत कापूस ही इतर पिके. खरिपाच्या तोंडावर रस्त्याकडेच्या भिंती, कृषिसेवा केंद्रांची दर्शनी बाजू आणि एस. टी. बसची पाठ बियाणे व कीटकनाशकांच्या जाहिरातींनी भरते. त्यांत भरगच्च शेंगा असतात, हसरा शेतकरी असतो, उत्पन्नाचे आश्वासन असते.

कीटकनाशकाविषयी शेतकऱ्याला जे सर्वांत अगत्याने कळले पाहिजे, ते मात्र अन्यत्र लिहिलेले असते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ मध्ये झालेल्या नियमांनुसार प्रत्येक वेष्टनावर विषारीपणा दाखविणारे रंगीत चिन्ह असते : लाल, पिवळे, निळे आणि हिरवे, अशा उतरत्या क्रमाने. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. हिरवा म्हणजे कमी विषारी. रस्त्यावरील दिव्यात हिरव्याचा अर्थ 'जा' असा शिकलेल्या मनुष्याला हे आपोआप कळणार नाही. ते सांगावेच लागते. फवारणी कशी करावी, कोणती खबरदारी घ्यावी, विषबाधा झाल्यास काय करावे, हे बाटलीबरोबरच्या घडी घातलेल्या पत्रकात बारीक अक्षरांत असते. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती : रसायनांचे मिश्रण, संरक्षक साधनांचा अभाव, डोक्याएवढी वाढलेली कपाशी. जाहिरातीने ती घडविली असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. परंतु अक्षरांच्या आकाराचा हिशेब मांडणे न्यायाचे आहे. आश्वासन भिंतीएवढे होते आणि इशारा नखाएवढा होता. सार्वजनिक जागेतील अक्षरांची वाटणी ही माहितीची वाटणी असते, आणि प्रसंगी ती जीविताची वाटणी ठरते.

शासनाने ह्या बाबतीत दवंडीचा वारसा चालवावा अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. पण शासनाचे फलकही आता अभिनंदनाच्या फलकाचे व्याकरण उचलू लागले आहेत. योजनेचे नाव आणि चेहरे मोठे; अर्ज कोठे द्यावा, कोणती कागदपत्रे लागतात, शेवटची तारीख कोणती, हे लहान. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी सरकारी जाहिरातींतील छायाचित्रांवर मर्यादा घातली आणि ती राष्ट्रपती, पंतप्रधान व सरन्यायाधीश ह्यांच्यापुरती ठेवली. मार्च २०१६ मध्ये तो आदेश शिथिल होऊन राज्यपाल, मुख्यमंत्री व मंत्री ह्यांच्या छायाचित्रांनाही वाट मिळाली. ह्या दोन निर्णयांमधील दहा महिन्यांचे अंतर हे जाहिरात आणि इश्तिहार ह्यांतील ओढाताणीचेच अंतर होय.

ह्या संदर्भात एक साधा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की गावोगावचे फलक उतरविले जातात, कोनशिलांवरील नावे कागदाने झाकली जातात. त्या काळात बाजार भरतो, बस सुटते, शाळा चालते. कोणाचेही काही कळावयाचे राहिले अशी तक्रार ऐकू येत नाही. जे झाकले असता कोणाची माहिती उणी होत नाही, त्यात माहिती किती होती ह्याचे उत्तर त्या झाकलेल्या कागदानेच दिलेले असते.

६

सार्वजनिक लेखनाविषयी कायदा काहीच बोलत नाही असे नव्हे. तो पुष्कळ बोलतो. पण तो लिपी पाहतो, आकार पाहतो, परवाना पाहतो. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन प्रत्येक आस्थापनेची पाटी देवनागरी लिपीतील मराठीत असावी आणि मराठी अक्षर इतर लिपींतील अक्षरांहून लहान नसावे, असे बंधन आले. मद्याची विक्री करणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची व गडकिल्ल्यांची नावे देण्यास त्याच दुरुस्तीने मनाई केली. अक्षराचा आकार हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे हे विधिमंडळाने येथे मान्य केले, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या दृष्टीने मोलाची आहे.

रॉड्रिग लँड्री आणि रिचर्ड बोरही ह्यांनी १९९७ मध्ये सार्वजनिक फलकांवरील भाषांची दोन कार्ये वेगळी काढली : माहितीचे आणि प्रतीकाचे. वाशिमच्या संदर्भात ही विभागणी फलदायी आहे. घराघरांत वऱ्हाडी बोलली जाते, तांड्यांवर गोरमाटी, शहरांच्या काही मोहल्ल्यांत उर्दू. फलकावर मात्र प्रमाण मराठी, हिंदी घोषणा आणि देवनागरीत लिहिलेली इंग्रजी नावे असतात. वऱ्हाडी आली तर विनोदापुरती येते. गोरमाटी 'जय सेवालाल' ह्या अभिवादनापुरती. म्हणजे बोलींना प्रतीकाचे काम मिळाले, माहितीचे नाही. औषधाची खबरदारी वऱ्हाडीत किंवा गोरमाटीत सांगणारा फलक दुर्मिळ, आणि बोलीतील शुभेच्छा सुलभ, अशी ही स्थिती आहे.

अकोल्याहून वाशिमकडे येताना वाटेत पातूर लागते. तेथील नगरपरिषदेच्या इमारतीच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव लिहिलेले आहे. त्याला हरकत घेण्यात आली, आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन ह्यांच्या खंडपीठाने ती हरकत फेटाळली. २०२२ च्या स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषाविषयक अधिनियमाने मराठी अनिवार्य केली असली तरी तिच्या जोडीला दुसरी भाषा वापरण्यास बंदी केलेली नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आणि भाषा हे कळविण्याचे साधन होय, हा त्यामागील विचार. वाशिम जिल्हा ज्या जुन्या जिल्ह्यातून निघाला त्याच मातीतील हा दाखला आहे. पाटीवर कोणती लिपी असावी ह्याविषयी इतका मोठा वाद होऊ शकतो. परंतु ती पाटी कोणाशी बोलते, किंवा बोलते की नाही, हा वाद मात्र कोणी उभा करीत नाही. पातूरची पाटी दोन लिपींत का होईना, पण प्रत्येक वाचकाला 'ही नगरपरिषद आहे' असे सांगते. तेवढे सांगणारे वाक्य समोरच्या चौकातील मोठ्या फलकावर बहुधा एकाही लिपीत नसते.

फलकांच्या नियंत्रणाचे प्रयत्नही झाले आहेत. सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा १९९५ चा आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलकांविरुद्ध तपशीलवार आदेश दिले. १३ मे २०२४ रोजी मुंबईतील घाटकोपर येथे वादळात १२० फूट लांबी-रुंदीचा फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे मरण पावली, तेव्हा साऱ्या राज्यातील फलकांच्या तपासणीची चर्चा सुरू झाली. फलक अंगावर पडला म्हणजे तो सर्वांना दिसतो; तो मनावर पडलेला असतो तेव्हा त्याची तपासणी करणारी यंत्रणा नसते. ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने १ जानेवारी २००७ पासून बाह्य जाहिरातींवर जवळजवळ सरसकट बंदी अमलात आणली. तो उपाय वाशिमला तसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही. जेथे जयंतीचा फलक हा एखाद्या वस्तीचा पहिला सार्वजनिक शब्द असतो, तेथे सरसकट बंदीने पुन्हा तीच वस्ती मुकी होईल, आणि भिंत पुन्हा धनवंतांकडे जाईल.

७

बंदी हा उपाय नव्हे तर कसोटी कोणती? तिचा शोध ह्याच भूमीत घेता येतो. वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. ह्या शाखेतील राजा द्वितीय विंध्यशक्ती ह्याचा ताम्रपट वाशिम येथे १९३९ मध्ये उजेडात आला. भाषेच्या अभ्यासकाला त्याचे वैशिष्ट्य सुपरिचित आहे : वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा व्यवहारी भाग मुख्यतः प्राकृतात. राजाच्या कुळाची थोरवी प्रतिष्ठेच्या भाषेत सांगितली. पण कोणते गाव दिले, कोणाला दिले, कोणत्या सवलतींनी दिले, हे जेथे सांगावयाचे तेथे लोकांच्या व्यवहाराच्या जवळची भाषा वापरली. ताम्रपट हा चौकातील फलक नव्हे. तो दान घेणाऱ्याच्या हाती राहणारा लेख होता, आणि ती व्यवस्था समतेची होती असेही कोणी म्हणणार नाही. तथापि त्याच्या रचनेत एक प्रामाणिकपणा आहे. तेथे प्रशस्ती दानाच्या आधी येते, पण दानावाचून येत नाही. ज्याने काही दिले नाही त्याचा ताम्रपट निघत नसे.

आजच्या चौकातील फलकाला हीच कसोटी लावावी. त्यातील प्रशस्ती वगळली तर मागे काय उरते? पेरणीची योग्य वेळ उरत असेल, दवाखान्याची वेळ उरत असेल, एखाद्या वंचित समूहाची स्मृती उरत असेल, निदान दुकानाचा पत्ता उरत असेल, तर ती जाहिरात आहे. तिच्याशी वाचक भांडू शकतो, तिला नाकारू शकतो, तिचा उपयोग करू शकतो. प्रशस्ती वगळल्यावर कोरे कापड उरत असेल तर तो इश्तिहार आहे, आणि सर्वांच्या जागेत त्याला किती जागा द्यावी हे ठरविण्याचा अधिकार सर्वांना आहे.

जाहिरातींच्या समीक्षेने आजवर त्यांतील असत्याचा पुष्कळ विचार केला. असत्य मोठे दूषण खरे. पण असत्य बोलणारासुद्धा समोरच्याला ऐकणारा मानतो, त्याला पटविण्याची खटपट करतो. रिकामी प्रशस्ती ती खटपटही करीत नाही. वर्षानुवर्षे अशा फलकांखालून जाणाऱ्या मनुष्याला हळूहळू वाटू लागते की सार्वजनिक अक्षर हे मुळात आपल्यासाठी नसते. मग ज्या दिवशी ते खरोखर त्याच्यासाठी असते, पीकविम्याची मुदत, पाण्याचा दोष, फवारणीचा इशारा, त्या दिवशीही तो न वाचता पुढे जातो. सार्वजनिक जागेतील जाहिरातीचा समाजावर होणारा सर्वांत खोल परिणाम हा आहे. तो विकत घेण्याच्या सवयीत दिसत नाही. न वाचण्याच्या सवयीत दिसतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अजून एक काळा फळा असतो. त्यावरचा खडूचा मजकूर चौकातल्या फलकाहून कितीतरी लहान असतो, पण तो गावाला उद्देशून लिहिलेला असतो. तो वाचला जातो की नाही, ह्यावर त्या चौकाचे मालक कोण हे ठरावयाचे आहे.